एकसष्टला भाग जात नाही

घर विकणारा माणूस फार गोड बोलायला लागला की मला हल्ली धास्ती वाटते. "घरचंच समजा", "पैशाचं काय, होईल की मागं-पुढं", "कागद सगळे क्लिअर आहेत, वकिलाला कशाला उगाच पैसे घालता". सांगलीत घर शोधताना हे इतक्या वेळा ऐकलं की पुढंपुढं चहाचा कप यायच्या आतच माझं मत तयार व्हायचं. याउलट जो माणूस पहिल्या भेटीत कपाळाला आठ्या घालून "किंमत कमी होणार नाही, वेळ घालवू नका" म्हणतो, त्याच्याकडं परत जावंसं वाटतं.

विश्रामबागच्या पलीकडं एका नव्या कॉलनीत आम्ही एक बंगली पाहिली होती. मालक अतिशय लाघवी. किंमत कमी कराल का? करू की. पैसे चार महिन्यांनी चालतील का? चालतील की. माणूस प्रत्येक गोष्टीला होकार देत होता आणि माझे मिस्टर खूश होते. वकिलांनी कागद मागितले तेव्हा एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्टॅम्पपेपरवरची नोटरी निघाली, बस्स. जागा गुंठेवारीची. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेले, त्यातला एक. आता गुंठेवारी म्हणजे घेऊच नये असं नाही, अर्धी सांगली तशाच घरांत सुखानं नांदते. २००१ च्या कायद्यानं अशी बांधकामं नियमित करून घेता येतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांनाही दार उघडलं. पण या गृहस्थांनी अर्जच केलेला नव्हता. बँकेनं फाइल परत दिली. ते तितक्याच गोड हसून म्हणाले, "बँक कशाला पाहिजे? सोसायटीतनं काढा की कर्ज."

त्यांचा विषय तिथंच संपला. मग आले अप्पा.

अप्पांचं घर गावभागात. गावभाग म्हणजे जुनी सांगली. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले, त्यांनी इथं राजधानी केली, आणि गाव कृष्णेला चिकटून वाढलं. त्या काळी नदीजवळ असणं ही सोय होती. आज गावभागात घर घेतो म्हटलं की समोरचा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो आणि मग विचारतो, "पाणी कुठपर्यंत येतं?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५. तेव्हापासून इथल्या घरांना दोन किमती आहेत, एक उन्हाळ्यातली आणि एक ऑगस्टमधली.

आम्हाला हे घर का हवं होतं, तर माडी. खाली दोन खोल्या, वर तीन, मागं न्हाणीघर आणि आड. तेवढ्या पैशात विश्रामबागेत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला असता. शिवाय सासूबाईंना गणपतीचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ हवं होतं. मी नोकरीला मिरजेत असते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, त्यामुळं देवळाच्या अंतराशी माझा फारसा संबंध नाही. पण रोज संध्याकाळी देवळाला न्यायचं कोण, या प्रश्नाशी होता.

एजंटानं आम्हाला जिन्यातच पढवून ठेवलं होतं. "साहेब, पुराचं काढा. दुसरं काय काढू नका. पाच लाख खाली येतात बघा." (तो माझ्याशी बोलत नसे. व्यवहार माझ्या नावावर होणार हे त्याला माहीत होतं, तरी नजर मिस्टरांवरच.) घरं बघून बघून आम्हीही तयार झालो होतो. गावभागातला प्रत्येक मालक "आमच्याकडं पाणी येत नाही, शेजारी येतं" म्हणतो, आणि शेजारी गेलात की तोही तेच म्हणतो.

अप्पांनी दार उघडलं आणि आम्ही बसायच्या आधीच भिंतीकडं बोट केलं. जिन्याशेजारी पेन्सिलीनं तीन रेघा मारलेल्या होत्या, प्रत्येकीपुढं साल. २००५, २०२१, आणि सगळ्यात वर २०१९, माझ्या डोक्याच्या बरीच वर.

"हे पाणी. हे धरूनच मी किंमत सांगणार आहे. म्हणजे मी ते एकदा वजा केलंय. तुम्ही परत वजा करू नका."

एजंटाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याचा एकुलता एक हुकमाचा पत्ता घरमालकानंच उलटा करून टेबलावर ठेवला होता.

अप्पा मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. सगळा जन्म अडत, तोलाई, हमाली आणि बाकी यांच्या रकान्यांत गेला. हरिपूरच्या पेवांतली हळद त्यांनी हिशेबात वर्षानुवर्षं सांभाळलेली. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या पुरानं बहुतेक पेवं निकामी केली. ते सांगताना त्यांचा आवाज स्वतःच्या घरात शिरलेल्या पाण्यापेक्षा जास्त कडवट झाला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर त्यांचं मत असं की "मानांकन मिळालं आणि पेवं गेली." असा माणूस घर विकायला बसला की काय होणार? त्यांच्याकडं लाल बांधणीची वही होती. आम्ही बोललेलं प्रत्येक वाक्य त्या वहीत जायचं, आणि पुढच्या वेळी त्यातूनच आमच्यावर डागलं जायचं.

किंमत त्यांनी सांगितली ६६ लाख. आम्ही ५५ म्हटलं, जसं म्हणायचं असतं तसं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. वहीत ५५ लिहिलं. पुढच्या वेळी ६३ म्हणाले आणि तिथं जे रुतून बसले ते हलेनात. आम्ही ५८ वर आलो, ५९ वर आलो. एजंट मधे पडला, त्याला कमिशनची घाई. "अप्पा, तुमचं राहू दे, साहेबांचं राहू दे, एकसष्ट करून टाका. नारळ फोडू."

"एकसष्ट नाही."

"का पण?"

"एकसष्टला भाग जात नाही."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. मला वाटलं ज्योतिषाचं काही असेल. लोक घराच्या व्यवहारात काय काय पाळतात. पितृपक्षात विसार घेत नाहीत, अमावास्येला किल्ली देत नाहीत, एक रुपया वर ठेवतात. पण अप्पा तसल्यातले वाटत नव्हते.

उलगडा वकिलांच्या टेबलावर झाला. मालमत्ता पत्रकावर अजून अप्पांच्या वडिलांचं नाव होतं. घर वडिलांनी स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही, आईही गेलेली. म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिन्ही मुलांचा सारखा हक्क, आणि मुलं म्हणजे अप्पा आणि दोन बहिणी. एक इचलकरंजीला, एक बेळगावला. ६६ म्हणजे २२-२२-२२. ६३ म्हणजे २१-२१-२१. माणूस आमच्याशी किमतीचा घोळ घालत नव्हता, तो प्रत्येक आकडा आधी बहिणींना वाटून बघत होता.

इथं आपल्याकडची रीत काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणींकडून हक्कसोड करून घ्यायची, साडी-चोळी करायची, आणि "माहेर तुटू नये" या नावाखाली विषय मिटवायचा. आमच्या वकिलांनीही तेच सुचवलं, कारण कागद सुटसुटीत होतो, एकच विकणारा राहतो. "बहिणींना विचारा, हक्कसोडपत्र देतात का." अप्पा ताडकन म्हणाले, "विचारायचं नाही. विचारलं तर देतील." या वाक्यानंतर मी त्यांच्या बाजूची झाले, आणि ते अर्थातच मी त्यांना कळू दिलं नाही. घासाघीस चालू होती.

मग मुखत्यारपत्राचा प्रश्न आला. बेळगावच्या बहिणीचे गुडघे गेलेले, तिनं अप्पांच्या नावे मुखत्यारपत्र केलं की झालं. अप्पांचं उत्तर पुन्हा नाही. ती स्वतः येईल, स्वतः अंगठा देईल, स्वतःच्या नावाचा चेक स्वतः नेईल. वारसनोंदीसाठी नगर भूमापन कार्यालयात खेटे, मग जाहीर नोटीस, मग मालकीच्या ३० वर्षांच्या नोंदींचा सर्च. गोड बोलणाऱ्या गृहस्थांकडं यातलं एकही काम निघालं नसतं. म्हणजे निघालं असतं, पण आमचे पैसे गेल्यावर.

आता अप्पा म्हणजे कुणी संतसज्जन होते असं वाटायला नको. त्यांना काही रक्कम रोख हवी होती. सरळ तोंडावर सांगितलं, "पन्नास चेकनं, बाकीचं हातात." कुणा शेजाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की घर विकलं की सरकार तिसरा हिस्सा नेतं. आमची अडचण वेगळीच होती. आम्ही दोघंही पगारदार, रोख आणायची कुठून? बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर, आणि ६० च्या आसपासच्या घराला जास्तीत जास्त ८० टक्के. कागदावर जे नाही त्यावर दमडी मिळत नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, सगळी सांगली घेते." हेही खोटं नव्हतं.

कायद्यावरून हुज्जत घालण्यापेक्षा आम्ही त्यांना हरभट रोडवर एका सीएंकडं नेलं. फी आमची. घासाघिशीत खर्च केलेले सगळ्यात शहाणे पैसे तेच, असं मला अजूनही वाटतं. सीएंनी कोऱ्या कागदावर मांडलं. घर वडिलांकडून आलेलं, २००१ च्या आधीचं, म्हणून खरेदी किंमत धरायची १ एप्रिल २००१ ची, मूल्यांकनकाराकडून काढलेली. नफ्यावर कर, विक्रीच्या पूर्ण रकमेवर नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेली मालमत्ता, म्हणून साडेबारा टक्के किंवा महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, यात जे कमी पडेल ते. आणि अप्पा तर मिरज रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेणार होते, गुडघाभर चिखल काढून त्यांच्या मंडळी थकल्या होत्या. राहतं घर विकून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर नफा त्यात जिरतो. अप्पांचा कर शून्य. बहिणींचा थोडा, तोही बाँडमध्ये पैसे ठेवले तर वाचतो.

अप्पांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. चूक शोधत होते. सापडली नाही तेव्हा म्हणाले, "मग तिसरा हिस्सा कोण म्हणालं?" सीए म्हणाले, "ते तुम्ही सांगा." रोखीचा विषय पुन्हा निघाला नाही.

रोख मागणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण लबाड समजतो. लबाड असतातही. पण पुष्कळदा मागणीच्या मागं एक ऐकीव भीती असते, आणि तिच्याशी घासाघीस करून उपयोग होत नाही, ती कागदावर मांडून दाखवावी लागते. आम्ही दोन लाख वाढवून दिले असते तरी ती भीती तशीच राहिली असती.

६० चा आकडा आम्ही काढला नाही. तो इचलकरंजीहून आला. धाकटी बहीण फोनवर म्हणाली म्हणे, "अप्पा, वीस पुरे. चांगली माणसं दिसतात, जाऊ दे." आम्ही त्या चर्चेत नव्हतो, खरी बोलणी आमच्या पाठीमागंच झाली. अप्पांनी ६० मान्य केलं, एजंटाच्या ६१ पेक्षा एक लाख कमी, आणि बदल्यात वहीतून अटी वाचून दाखवल्या. नोंदणीचा, मोजणीचा, वकिलाचा सगळा खर्च आमचा. पाण्याची मोटर आणि झोपाळ्याच्या पितळी कड्या ते नेणार. आणि खरेदीखत दसऱ्यानंतर.

ही शेवटची अट आम्हाला झोंबली. आम्हाला अक्षय्य तृतीयेला उरकायचं होतं. दसऱ्यापर्यंत भाडं भरायचं, बँकेचं मंजुरीपत्र कदाचित पुन्हा करून घ्यायचं, कशासाठी? अप्पा म्हणाले, "एक पावसाळा बघा. घर वरून चांगलं दिसतंय. पाण्यातलं बघा आणि मग घ्या." साठेखतातही, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातही, त्यांनी एक कलम घालायला लावलं, की या घरात तीन पुरांचं पाणी कुठपर्यंत आलं होतं हे खरेदीदारास दाखवलेले आहे. वकील म्हणाले, विकणारा असं कलम स्वतः मागतो हे मी पहिल्यांदा बघतोय. हा प्रामाणिकपणा की उद्या आम्ही भांडू नये म्हणून बांधलेलं कुंपण? मला वाटतं दोन्ही, आणि दिवाणजी माणसात ते वेगळं काढता येत नाही. पूररेषेचा नकाशा आम्ही पाहिलाच होता. २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. त्या रेषांत पाडून नवं बांधायचं तर अटी लागतात. आम्हाला पाडायचं नव्हतं. पण नकाशावरची रेष आणि जिन्याशेजारची पेन्सिलीची रेघ यांत मला जास्त पटली ती दुसरी.

विसाराची गंमत तर वेगळीच. आम्ही १,०१,००० म्हणत होतो, शकुनाचे. अप्पांनी मान हलवली. १,०२,००० द्या. चौतीस-चौतीस हजारांचे तीन चेक. आम्ही हसून मान्य केलं, आणि घोळ झाला. घराची किंमत ५० लाखांच्या वर, म्हणजे घेणाऱ्यानं प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कापून सरकारकडं भरायचा. पूर्वी विकणारे अनेक असतील तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा धरण्यावरून वाद असायचे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण रक्कमच धरतात. म्हणजे चौतीस हजारांतून ३४० रुपये गेले. अप्पांच्या हातात ३३,६६० चा चेक आला आणि त्यांनी तो टेबलावर ठेवून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तोलात हात मारला.

"माझ्या पैशातनं तुम्ही का कापताय?"

मी समजावलं की ते तुमच्याच पॅनवर जमा होतात, विवरणपत्र भरलं की दिसतात. त्यांनी पावती मागितली. फॉर्म भरल्यावर मिळेल म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं, "३४० येणे."

बेळगावच्या बहिणीचं प्रकरण याहून अवघड. त्यांचं पॅन आधारला जोडलेलं नव्हतं, म्हणजे निष्क्रिय. अशा वेळी एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावे लागतात. त्यांच्या २० लाखांतून चार लाख! हे ऐकल्यावर अप्पा पहिल्यांदा घाबरलेले दिसले. हजार रुपये भरून जोडणी करायची होती, पण आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. माझ्या मिस्टरांनी ते काम अंगावर घेतलं. बेळगावला जाऊन त्या बाईंना सेवा केंद्रात बसवून आणलं. व्यवहार होईल की मोडेल या टप्प्यावर आम्ही विकणाऱ्याच्या बहिणीचे कागद दुरुस्त करत होतो, यावर माझ्या भावानं फोनवर बरंच तोंडसुख घेतलं. पण त्यानंतर अप्पांच्या वहीत आमच्याविरुद्धचे आकडे कमी झाले. मोटर राहू द्या म्हणाले. कड्या मात्र नेल्या.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही रोज एकमेकांना तेच विचारत होतो जे सगळी सांगली विचारते, "आयर्विनला किती?" कोयनेचा विसर्ग वाढला की अप्पांचा फोन यायचा. गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी येऊन थांबलं. घरात आलं नाही. मला हायसं वाटलं आणि अप्पांना, मला शंका आहे, थोडी खंत. रेघ मारायला मिळाली नाही.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दसऱ्यानंतर तिघं भावंडं एका बाकावर बसली. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी, ६० लाखांवर ६० हजारांचा फरक. अप्पांनी हा हिशेबही तपासला आणि मिस्टरांना म्हणाले, "बरं केलंत," जणू निर्णय त्यांचा होता. फोटो, अंगठे, साक्षीदार. बेळगावच्या आत्यांना (आता मी त्यांना आत्या म्हणते) जिना चढवायला दोघं लागले. चेक हातात घेऊन त्यांनी आधी आकडा वाचला, मग नाव, मग पुन्हा आकडा.

एवढ्या कटकटीनंतर व्यवहार संपला असं वाटलं होतं. पण मीटर माझ्या नावावर करताना अप्पांच्या वडिलांनी आणि त्यांनी भरलेलं लाइटचं डिपॉझिट निघालं, २,४८० रुपये. ते घराच्या किमतीत धरलेलं नाही, हे वहीत होतं. मी लगेच पाठवते म्हटलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही, मग, "चोवीसशे ऐंशीला भाग जात नाही."

"मग एक रुपया मी वर घालते, अप्पा. आठशे सत्तावीस प्रत्येकी."

"तुम्ही कशाला? तुमचा व्यवहार मिटला. तो रुपया मी घालतो."